भिंत वाळायला किती दिवस लागतात?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. मधले दिवस पन्नास. कोकणातल्या घराला रंगाचा हात फिरतो तो गणपतीच्या आधी, आणि पूर आला म्हणून गणपती पुढे ढकलता येत नाहीत. त्यामुळे पूर ओसरलेल्या गावात क्रम ठरलेला असतो. गाळ उपसायचा, भिंती धुवायच्या, दारं-खिडक्या सताड उघडून पंखे लावायचे, भिंतीला तळवा टेकवून बघायचा आणि हाताला ओल लागली नाही की रंगाऱ्याला बोलवायचं. दिवाळीच्या सुमारास त्या रंगाला फोड येतात, शिमग्यापर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि पुढच्या पावसाळ्यात तीच भिंत पुराशिवायच ओली दिसू लागते. ‘इमारत झटपट वाळवणारं काही यंत्र नाही का?’ हा प्रश्न मग विचारला जातो. यंत्रं आहेत, एक-दोन नव्हे तर पुष्कळ. युरोप-अमेरिकेत ती भाड्याने देणं आणि चालवणं हा स्वतंत्र धंदा आहे. मात्र ही यंत्रं नेमकं काय वाळवतात आणि कुठल्या प्रकारच्या घरासाठी घडली आहेत, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या वेगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं असं आहे की बुडालेल्या इमारतीत दोन वेगवेगळ्या मुदती चालू असतात आणि आपण त्या एकमेकींत मिसळतो. पहिली मुदत बुरशीची. ओल्या लाकडावर, प्लायवुडवर, कागदावर, गादी-पडद्यांवर बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा असं सांगते ते यासाठीच. दुसरी मुदत भिंतीची, आणि ती महिन्यांत मोजावी लागते. पहिली मुदत यंत्रांनी खरोखर गाठता येते. दुसरी यंत्रांनी काहीशी कमी होते, पण कुठल्याही यंत्राने ती आठवड्यावर आणता येत नाही. या उपकरणांविषयीचे बहुतेक वाद, ‘हे सगळं फुकट आहे’ हाही आणि ‘हे आणलं की काम झालं’ हाही, एका मुदतीचा अनुभव दुसरीला लावल्यामुळे होतात.

सुरुवात पाणी उपसण्यापासून करायला हवी, कारण खरी झटपट तिथेच आहे. एक लिटर पाणी दहा फूट वर उचलायला तीसेक जूल ऊर्जा लागते. त्याच एक लिटरची वाफ करायला सुमारे चोवीस लाख जूल लागतात. पंपात, यंत्रात कितीही ऊर्जा वाया गेली तरी हे अंतर बुजत नाही. म्हणजे जे पाणी पाणी म्हणूनच बाहेर काढता येतं, ते वाफ होईपर्यंत थांबणं हा शुद्ध तोटा आहे. सबमर्सिबल पंप, गाळासकट पाणी ओढणारा मड पंप, फरशीवरचा शेवटचा थर ओढून घेणारा वेट व्हॅक्यूम ही या कामातली पहिल्या फळीची उपकरणं. ती दिसायला साधी असल्यामुळे वाळवण्याच्या यंत्रांत कुणी त्यांची गणना करत नाही. गाळाचंही तसंच. भिंतीला चिकटलेला चार बोटं गाळ म्हणजे ओल्या कापडाची पट्टी आहे. ती असेपर्यंत मागची भिंत वाळत नाही. जोराच्या पाण्याने भिंत धुवायची म्हणजे वाळवायच्या वस्तूवर आणखी पाणी मारायचं, असा आक्षेप कुणी घेईल. तो चुकीचा आहे, कारण ती भिंत आधीच पोटभर पाणी प्यालेली असते आणि गाळ वाळून घट्ट झाला की छिन्नीशिवाय निघत नाही. शिवाय नदीच्या पुराचं पाणी गटारं, संडासाच्या टाक्या आणि मेलेली जनावरं यांच्यातून आलेलं असतं. २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती. धुणं आणि जंतुनाशक फवारणं वाळवण्याच्या आधीच व्हायला हवं.

आता भिंतीत किती पाणी असतं ते पाहू. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भरतं. आपल्याकडच्या भाजक्या विटेच्या मानकानुसार साध्या वर्गातल्या विटेने चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी प्यालेलं चालतं. गिलाव्याची आडकाठी लक्षात घेऊन निम्मं, म्हणजे दहा टक्केच धरलं तरी चौरस मीटरला चाळीस लिटर होतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार फूट पाणी चढलं असेल तर भिजलेली भिंत साधारण पंधरा चौरस मीटर, आणि तिच्या पोटातलं पाणी सहाशे लिटर. दोनशे लिटरचे तीन पिंप भरतील एवढं पाणी त्या खोलीच्या भिंतींत आहे आणि तळव्याला फक्त वरचा अर्धा मिलिमीटर कळतो. हे पाणी कुठल्याही पंपाने निघत नाही. विटेच्या केसासारख्या बारीक नळ्यांनी ते धरून ठेवलेलं असतं. ते वाफ होऊनच जाणार.

वाफ कशी जाते याचा हिशेब सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला शिकवावा लागत नाही. तासगाव-कवठेमहांकाळ भागात बेदाणा उन्हात नव्हे, सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांच्या कप्प्यांवर वाळतो. तिथे काम करते ती फेब्रुवारी ते एप्रिलमधली कोरडी, वाहती हवा. अवकाळी पावसाने हवा दमट झाली की शेड तीच, कप्पे तेच, पण माल काळा पडतो. इमारत वाळवण्याच्या यंत्रांचं सगळं शास्त्र या शेडमध्ये आहे. ओल्या पृष्ठभागालगत दमट हवेचा पातळ थर साचतो, तो हलवायला वारा लागतो. आणि आलेली हवा आणखी वाफ घेऊ शकेल इतकी कोरडी असावी लागते. पहिलं काम एअर मूव्हर म्हणजे जमिनीलगत भिंतीच्या अंगाने हवेचा झोत सोडणारे ब्लोअर करतात. दुसरं काम डीह्युमिडिफायरचं.

छताचा पंखा आणि एअर मूव्हर यांत फरक आहे. छताचा पंखा हवा खोलीच्या मध्यावर ढवळतो, तर पाणी असतं भिंतीच्या खालच्या चार फुटांत आणि कोपऱ्यांत. ब्लोअर भिंतीशी थोडा तिरका ठेवला की झोत भिंतीला चिकटून पुढे सरकतो. पण वाऱ्याचा उपयोग सुरुवातीलाच असतो. भिंतीचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत वारा वाढवला की वाळण्याचा वेग वाढतो. पृष्ठभाग कोरडा झाला की वाफ होण्याची जागा विटेच्या आत सरकते, आणि तिथून बाहेर यायला वाफेला तिच्याच गतीने वाट काढावी लागते. तिथे वाऱ्याचा जोर पोचत नाही. भिंत हाताला कोरडी लागते ती नेमकी याच टप्प्यावर, आणि रंगारीही याच टप्प्यावर बोलावला जातो. शिवाय या टप्प्याचा वेळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेचार इंची भिंतीला जेवढे दिवस लागतात त्याच्या दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट नऊ इंचीला लागतात.

या वर्गाच्या नियमातून एक गोष्ट निघते आणि तिच्याइतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही. दोन्ही बाजूंनी वाळणारी भिंत प्रत्येक बाजूने निम्मीच जाडी वाळवत असते. तिची एक बाजू टाइल्सनी, ऑइल पेंटने किंवा भिंतीला खेटून ठोकलेल्या कपाटाने बंद केली की सगळी जाडी एकाच बाजूने वाळायची. म्हणजे वेळ चौपट. म्हणून हातोडा आणि छिन्नी ही वाळवण्याची यंत्रंच आहेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या टाइल्स, स्कर्टिंग, पुट्टी, प्लास्टिक पेंट, जिप्समचा किंवा पीओपीचा थर ही झाकणं पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढली, तर भाड्याने आणलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त दिवस वाचतात. पक्का सिमेंटचा गिलावा सरसकट फोडावा असं नाही. पोकळ वाजतो तेवढा काढला तरी चालतं. चुन्याचा गिलावा तर वाफ जाऊ देतो, त्याला हात लावू नये.

डीह्युमिडिफायर दोन जातींचे. पहिली जात फ्रिजसारखी: पंख्याने ओढलेली हवा थंडगार नळ्यांवरून जाते, वाफेचं पाणी होऊन टाकीत पडतं आणि हवा यंत्राच्याच गरम नळ्यांवरून पुन्हा खोलीत येते. हवेतली वाफ काढण्याची गरज ही मुळात वातानुकूलनाचीच जन्मकथा आहे. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधल्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही म्हणून. मग घरचा एसी का चालत नाही, हा प्रश्न रास्त आहे. एसी पाणी काढतो हे खरं, पण काढलेली उष्णता खिडकीबाहेर फेकतो. खोली गार होते, भिंत गार होते, वाफ मंदावते आणि ठरलेलं तापमान आलं की कॉम्प्रेसर बंद पडतो. डीह्युमिडिफायर तीच उष्णता आत ठेवतो, त्यामुळे खोली ऊबदार आणि कोरडी दोन्ही होते. बाजारात ‘दिवसाला इतके लिटर’ असा जो आकडा सांगतात तो मात्र जपून घ्यावा. तोच आकडा ३२ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला वेगळा येतो आणि २७ अंश, ६० टक्क्यांना बराच कमी. भिंत वाळत आली की खोलीतली हवा दुसऱ्या स्थितीजवळ असते. तेव्हा विचारायचा तो दुसरा आकडा.

दुसरी जात शोषक चाकाची. स्वीडनच्या कार्ल मुंटर्स यांच्या नावाशी ती जोडली गेली आहे. सिलिका जेलसारख्या शोषक द्रव्याने मढवलेलं, मधाच्या पोळ्यासारखं चाक संथ फिरतं. त्याच्या मोठ्या भागातून खोलीतली हवा जाऊन कोरडी होते आणि उरलेल्या भागातून तापवलेली हवा जाऊन चाकाने शोषलेली वाफ बाहेर फेकते. थंड देशांत, जिथे पहिल्या जातीच्या नळ्यांवर बर्फ जमतं, तिथे हीच उपयोगी. आपल्या उबदार हवेत पहिली जात कमी विजेत जास्त पाणी काढते, आणि शोषक चाकाची गरज सागवानी लाकूड, जाड काँक्रीट, दस्तऐवजांची खोली अशा शेवटच्या टप्प्याच्या कामांपुरती उरते. याशिवाय फरशीखालच्या थरात भोकं पाडून हवा ओढणारे पंप, लाकडी जमिनीवर अंथरायच्या शोषण चटया, भिंतीला लावायचे इन्फ्रारेड पॅनल, बाहेर उभ्या ट्रेलरमधून गरम हवा सोडणाऱ्या भट्ट्या अशी बरीच मंडळी आहेत. त्यांत खोलीत जाळायच्या गॅस हीटरबद्दल सावध करायला हवं. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. बंद खोलीत असा हीटर लावणं म्हणजे भिंतीचं पाणी हवेत काढण्यासाठी सिलिंडरमधून आणखी पाणी आणणं. कार्बन मोनॉक्साइडने जीव जायचा धोका आहे तो वेगळाच, आणि घरात चालवलेल्या जनरेटरलाही तो तितकाच लागू आहे.

ही सगळी यंत्रसामग्री ज्या घरासाठी घडली ते घर आपलं नाही. अमेरिकेत या धंद्याचं मानक १९९४ पासून आहे. त्यात पाण्याचे स्वच्छतेनुसार तीन प्रकार आणि भिजण्याचे चार वर्ग केले आहेत. चौथा वर्ग वीट, दगड, काँक्रीट, कठीण लाकूड अशा खोलवर पाणी धरणाऱ्या वस्तूंचा; त्यांना जास्त वेळ आणि खास पद्धती लागतात असं ते सांगतं. तिथलं सामान्य घर लाकडी सांगाड्याचं आणि जिप्समच्या तक्त्यांचं. घाण पाण्यात बुडालेले तक्ते आणि त्यांच्या आतला कापसासारखा थर उचकटून फेकायचा, उघडा सांगाडा ब्लोअर आणि डीह्युमिडिफायरने वाळवायचा, नवे तक्ते ठोकायचे. तीन-पाच दिवसांत इमारत वाळवल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात त्या बहुधा अशा घरांच्या, आणि बरेचदा फुटलेल्या नळाच्या. त्यांच्या मानकातला अपवादाचा चौथा वर्ग हा आपल्याकडचा नियम आहे. विटांचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, काळ्या दगडाचं घर आणि नदीचं पाणी, म्हणजे सर्वांत अवघड वर्ग आणि सर्वांत घाण प्रकार एकत्र. विटांच्या देशांचा अनुभव म्हणूनच आपल्याला जास्त जवळचा. ब्रिटनमध्ये जाड भिंतीला इंचामागे महिना असा जुना ठोकताळा आहे, आणि २००७ च्या उन्हाळी पुरानंतर वर्ष उलटत आलं तरी हजारो कुटुंबं आपल्या घरी परतलेली नव्हती. तिथे यंत्रं होती, विमा होता, प्रशिक्षित माणसंही होती. जर्मनीतल्या आर खोऱ्यात पूर आला तो चिपळूणच्या आठवडाभर आधी, १४ जुलै २०२१ च्या रात्री. घरं विटांपर्यंत सोलून काढली तरी कित्येक घरांत वाळवण्याची यंत्रं पुढे महिनोन्महिने घरघरत राहिली.

मग यंत्रांचा नादच सोडावा, पूर्वी लोक दारं-खिडक्या उघडूनच घरं वाळवत होते, असं कुणी म्हणेल. या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. ते निम्मं ऑक्टोबरनंतरचं. ऑगस्टमधली कोकणातली हवा २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरा. अशा एक किलो हवेत वीस ग्रॅमहून थोडी जास्त वाफ आधीच असते आणि जागा उरते जेमतेम सव्वादोन ग्रॅमची. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून हवा ३२ अंश आणि ४५ टक्क्यांवर आणली तर भिंतीतून वाफ ओढून घेण्याची तिची ताकद सहा-सात पट होते. श्रावणात खिडकी उघडी टाकून ब्लोअर लावणं म्हणजे बेदाण्याच्या शेडमध्ये अवकाळी पावसाची हवा खेळवणं. त्यातही वाईट म्हणजे डीह्युमिडिफायर चालू आणि खिडकीही उघडी. ते यंत्र मग गावाची हवा वाळवत बसतं. उलट घाटावर पाऊस गेल्यावर, नोव्हेंबरच्या दुपारी, बाहेरची हवाच चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. यंत्राने पैसे मोजून जी हवा बनवायची तीच फुकट वाहत असते. तेव्हा खिडक्या उघडाव्या, ब्लोअर चालू ठेवावे आणि डीह्युमिडिफायर परत करावा. सांगली-कोल्हापूरला हा लाभ मिळतो. किनारपट्टीला कमी मिळतो, कारण समुद्राची हवा पूर्ण कोरडी होत नाही. एकाच राज्यात दोन वेगळे हिशेब आहेत. भिजण्याचेही दोन: चिपळूणचं पाणी फार दिवस राहिलं नाही, तर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ५७ फुटांवर गेली आणि सखल वस्त्यांत पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: झटपट वाळवल्याने इमारतीचं नुकसान होतं. होतं. आणि याचा सर्वांत मोठा धडा ४ नोव्हेंबर १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुराने दिला. आर्नो नदीच्या पाण्यात भिजलेली लाकडी फळ्यांवरची चित्रं तिथल्या तज्ज्ञांनी वाळवायला घाई केली नाही. बोबोली बागेतल्या लिंबांच्या झाडांसाठी बांधलेल्या इमारतीत त्यांनी ती ठेवली, तिथली हवा यंत्रांनी मुद्दाम दमट राखली आणि ओलावा हळूहळू उतरवत नेला. आर्द्रतेची यंत्रं तिथे लगाम म्हणून वापरली गेली. फळी झटक्यात वाळली असती तर ती आक्रसली असती आणि वरचा रंगाचा थर सुटून आला असता. भित्तिचित्रांचं दुखणं वेगळं होतं. भिंत वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि सोबत विरघळलेले क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागे वाढतात आणि रंग उकलतात. आपण याला लोणा म्हणतो. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, चुन्याचे गिलावे यांना ३५-४० अंशांच्या कोरड्या झोतासमोर उभं करणं म्हणूनच चुकीचं आहे. मातीला तडे जातात आणि तुळई पिळवटते. पण या आक्षेपातून ‘यंत्र नको’ हा निष्कर्ष निघत नाही. यंत्राला मोजमापाची दावण हवी एवढाच निघतो. पहिले दोन दिवस जोरात वारा आणि नंतर आर्द्रता पायरी-पायरीने खाली, हे करायलाही यंत्रच लागतं.

क्षारांची आणखी एक खोड आहे आणि पावसाळी प्रदेशात ती फार फसवते. साध्या मिठाचा अंश असलेली भिंत हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेते. ‘वाळवलेली भिंत पुढच्या जूनमध्ये परत पाझरली’ ही तक्रार पुष्कळदा याची असते. तिथे डीह्युमिडिफायर कितीही चालवा, पावसाळा आला की भिंत ओली. क्षार ब्रशने कोरडे झाडून काढावे लागतात, क्षार खाल्लेला गिलावा काढून टाकावा लागतो. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जातात.

म्हणून या सगळ्या सामग्रीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सर्वांत लहान उपकरण, मॉइश्चर मीटर. दोन सुया टोचून भिंतीचा विद्युतरोध मोजणारा किंवा वरून ठेवून आतला ओलावा सांगणारा, असे दोन प्रकार सर्रास मिळतात. त्यांची मर्यादा क्षार हीच. खारट भिंत वाळली तरी मीटर तिला ओली म्हणतो. तेव्हा खात्रीसाठी भिंतीतून ड्रिलने भुकटी काढून ती कॅल्शियम कार्बाइडसोबत बंद डब्यात हलवतात. ओलाव्यामुळे ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून पाण्याचं प्रमाण कळतं. आंबा पिकवायला ज्याच्यावर बंदी आहे तेच हे कार्बाइड, कोकणाला त्याची ओळख करून द्यायला नको. मीटरचा आकडा एकदा घेऊन उपयोग नसतो. भिंतीवर खडूने जागा आखून त्याच जागी आठवड्याला नोंद घ्यायची आणि त्याच इमारतीतल्या न भिजलेल्या, वरच्या भिंतीच्या आकड्याशी ती ताडून पाहायची. भिजलेल्या भिंतीचा आकडा त्याच्याजवळ येऊन स्थिरावला की काम संपलं. हा मीटर नसेल तर डीह्युमिडिफायर कधी बंद करायचा हे कुणालाच ठरवता येत नाही आणि मग भाडं संपतं तेव्हा तो बंद होतो.

खर्चाचा मुद्दा टाळता येणार नाही. दिवसाला साठेक लिटर काढू शकणारं यंत्र चालताना तासाला साधारण एक युनिट वीज घेतं असं धरू. आपल्या त्या खोलीतलं सहाशे लिटर पाणी कागदावर दहा दिवसांत निघेल. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यानंतर टाकीत पडणारं पाणी भराभर कमी होत जाईल, कारण अडथळा हवेत नाही, विटेत आहे. दोन आठवडे चालवलं तर साडेतीनशेच्या आत युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीन हजार रुपये, वर भाडं आणि ब्लोअरची वीज वेगळी. एका खोलीला हे जड नाही. सहा खोल्यांच्या घराला आहे, आणि पूर आलेल्या गावात पहिले काही दिवस वीजच नसते. ब्रिटनमध्ये हे बिल बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. आपल्याकडे २०२१ पासून घरांसाठी पुराचाही समावेश असलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आली असली तरी घराचा विमा उतरवण्याची सवय अजून लागलेली नाही. त्यामुळे प्रत्येक पूरग्रस्त घराला दोन आठवडे डीह्युमिडिफायर ही योजना कागदावरच राहील. तसं करूही नये. पहिल्या आठवड्यानंतर प्रत्येक लिटरची किंमत वाढत जाते, आणि तीच भिंत कार्तिकातली हवा फुकट वाळवणार असते.

मग यंत्रं कुठे लावायची? जिथे पहिली मुदत मोडली तर भरून न येणारं नुकसान आहे तिथे. रुग्णालयाचा शस्त्रक्रिया विभाग, तहसील कचेरीची अभिलेख खोली, बँकेची तिजोरीची खोली, औषधांचं गोदाम, विजेच्या पॅनलची आणि लिफ्टच्या यंत्राची तळघरातली जागा. आणि ग्रंथालयं: चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांचा फटका बसला. अशा बंद करता येणाऱ्या, खिडक्या कमी असलेल्या जागांत डीह्युमिडिफायर एका दिवसात जे करतो ते उघड्या खिडकीला महिनाभर जमत नाही. घरांसाठी मात्र नगरपालिकेने किंवा तालुक्याने मिळून पंप, वेट व्हॅक्यूम, ब्लोअर आणि मॉइश्चर मीटर यांचा साठा ठेवावा, फिरवून द्यावा. त्यातला बराचसा गावातच असतो. मंडप डेकोरेटरकडचे मोठे स्टँडचे पंखे आणि जनरेटर चातुर्मासात, लग्नसराई संपल्यावर, गोदामात पडून असतात. बागायतदारांकडे जोराने पाणी मारणारे फवारणी पंप आहेत. औषध कारखान्यांत आर्द्रता आटोक्यात ठेवणं हे रोजचं काम असल्याने डीह्युमिडिफायर हाताळणारे तंत्रज्ञही महाराष्ट्राला नवे नाहीत. मे महिन्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत बोटी आणि दोरखंड मोजले जातात, त्याच यादीत या वस्तू आणि त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांचे फोन नंबर लिहून घ्यायला वेगळा निधी लागत नाही.

राहिला गणपतीचा रंग. पुरानंतरच्या पहिल्या चतुर्थीला भिंतीला नुसता चुना लावावा. तो वाफ अडवत नाही आणि मखराच्या मागे शोभूनही दिसतो. ऑइल पेंट, पुट्टी, प्लास्टिक पेंट यांचं काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकावं. त्याआधी एक परीक्षा घ्यावी, तिला ना यंत्र लागतं ना वीज. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या खालच्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बंद करा आणि सोळा तास तसाच राहू द्या. आतल्या बाजूला दव धरलं किंवा खालचा गिलावा काळपट दिसला, तर रंगाऱ्याला महिन्याभराने यायला सांगा.